शिकारीच्या रायफलीत अचूकपणाचा नंबर तिसरा

बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटर अंतरावरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावर ब्राँझ मिळवलं. बालेवाडीत खेळणारे नेमबाज रायफल शिकंज्यात बांधून .२२ (इंचातला व्यास) च्या काडतुसांचे लॉटच्या लॉट तपासतात आणि आपल्या नळीला मानवेल तोच लॉट उचलतात. अशा पुण्यात शिकारीच्या रायफलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा, केवढा पडतो? मोठ्या जनावरासाठी मात्र हा प्रश्न तिसरा आहे. आधी रायफल दर वेळी चालते का, मग गोळी आत जाऊन काय करते, आणि त्यानंतर ग्रुप.

कायद्याचं आधी उरकू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकार बंद आहे. शेतीची नासधूस करणाऱ्या जनावराबाबतही वनखात्याची लेखी परवानगी लागते. त्यामुळे पुढचं सगळं नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिकेसारख्या, शिकार कायदेशीर असलेल्या देशांना धरून आहे.

'चालणं' म्हणजे मॅगझिनमधलं काडतूस नळीच्या मागच्या खोलीत जाणं, पेटणं आणि रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं नळकांडं, बाहेर पडणं. या तीन गोष्टी जनावर अंगावर येत असतानाही घडल्या पाहिजेत. १८९८ च्या माउझर रायफलीत बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, कडेला एक लांब, रुंद पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड या पंजात अडकते. घाईत बोल्ट अर्ध्यावरून मागे ओढला तरी ते पंजासोबत मागे येतं. दुसऱ्या पद्धतीत बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि बोल्ट पूर्ण बंद झाल्यावरच पकड बसते. इथे गोंधळलेल्या माणसाने अर्धवट बोल्ट मारला की पहिलं काडतूस खोलीतच सुटं राहतं, दुसरं त्याच्या बुडावर जाऊन आदळतं आणि रायफल अडकते. हरणासाठी दोन्ही पद्धती चालतात. रानरेड्यासाठी पंजाचीच घ्यावी, यात फारसा वाद नाही.

तपासणी सोपी आहे. बिनदारूची, बिनटोपीची (टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडातली, ठोसा बसला की पेटणारी डबी) सरावाची काडतुसं मॅगझिनमध्ये पूर्ण भरा आणि बोल्ट आधी सावकाश, मग शक्य तितक्या जोराने चालवा. रायफल आडवी धरून, नळी वर करून, खाली करून पुन्हा तेच करा. एकही काडतूस अडलं तर मॅगझिनचे ओठ वाकलेत का, स्प्रिंग थकली आहे का ते पाहा. बोल्टच्या आत जाड तेल मात्र भरू नका. थंड पहाटे ते घट्ट होतं, फायरिंग पिनचा ठोसा हलका बसतो आणि टोपी पेटत नाही. बोल्ट कोरडा पुसून हलक्या तेलाचा हात फिरवला की पुरे.

आता काडतूस. .२२ ची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. नळीतून निघताना तिची ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास असते. १९०६ च्या .३०-०६ ची १८० ग्रेनची (११.७ ग्रॅम) गोळी सेकंदाला ८२० मीटरने निघते, म्हणजे सुमारे ३,९०० ज्यूल. १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची ३०० ग्रेनची गोळी ७७० मीटरने निघते आणि ५,७०० ज्यूलच्या पुढे जाते. कुडू, एलंड ही मोठी हरणं आणि रानडुक्कर यांना .३०-०६ पुरते. रानरेडा आणि हत्ती यांच्यासाठी आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी .३७५ ही किमान पायरी मानतात.

पण ऊर्जेच्या आकड्याला फार भुलू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने ७ मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले. ऊर्जेच्या तक्त्यात ते काडतूस हत्तीच्या आसपासही बसत नाही. उत्तर गोळीच्या लांबीत आहे. पौंडातलं वजन इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागलं की सेक्शनल डेन्सिटी मिळते; ती जास्त तितकी गोळी खोल जाते. बेलच्या १७३ ग्रेनच्या गोळीची ती ०.३०६ येते, .३७५ च्या ३०० ग्रेनच्या गोळीची ०.३०५, आणि .३०-०६ च्या १८० ग्रेनच्या गोळीची ०.२७१. त्यात बेलची गोळी पूर्ण धातूच्या कवचाची होती. ती फुलली नाही, वाकली नाही, सरळ आत गेली. अर्थात नेम मेंदूवर असायचा, आणि हत्तीच्या डोक्यात मेंदू नेमका कुठे असतो हे त्याने कवट्या कापून शिकून घेतलं होतं. एवढ्या अभ्यासाची तयारी नसलेल्यांनी किमान पायरी पाळावी.

बाकी जनावरांसाठी न फुलणारी गोळी चुकीची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथे बनत आलेली लष्करी रायफलींची काडतुसं पूर्ण कवचाची असतात, कारण १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली. अशी गोळी हरणाच्या फुप्फुसातून बारीक भोक पाडून पार जाते आणि जखमी जनावर मैलभर पळतं. शिकारीच्या गोळीचं टोक उघडं किंवा मऊ असतं. ते आत गेल्यावर छत्रीसारखं फुलतं आणि व्यास जवळजवळ दुप्पट होतो. बिघाड इथेच होतो. पातळ कवचाची गोळी वेगात खांद्याच्या हाडावर आदळली की तिचे तुकडे होतात आणि ती फुप्फुसापर्यंत पोचतच नाही. जवळून मारलेली वेगवान मॅग्नम (जादा दारूच्या काडतुसाची) गोळी म्हणूनच कधी कधी जास्त निकामी ठरते. १९४८ मध्ये बाजारात आलेल्या नोस्लर पार्टिशन गोळीत मधोमध तांब्याचा पडदा ठेवला होता: पुढचा भाग फुलो वा फुटो, मागचा शाबूत राहतो. हल्ली शिसं कवचाला जोडून टाकलेल्या किंवा अख्ख्या तांब्याच्या गोळ्याही मिळतात. स्वस्त मऊ गोळी आणि महाग रायफल या जोडीपेक्षा उलटी जोडी केव्हाही बरी.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडच्यांना जास्त कळावा. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या काडतुसातली दारू तापते, जास्त वेगाने जळते आणि दाब वाढतो. लक्षण असं: बोल्ट उचलायला जड जातो, केस खोलीत चिकटते. कॉर्डाइट या जुन्या इंग्रजी दारूच्या काळात हा त्रास भारतात आणि आफ्रिकेत इतका होता की इंग्रज कारागिरांनी मुद्दाम मोठ्या केसची, कमी दाबाची काडतुसं बनवली. त्यातलं .४७० जन्माला आलं ते मात्र सरकारी भीतीपोटी. १९०७ च्या सुमारास भारतात .४५० व्यासाच्या काडतुसांवर बंदी आली. बंडखोर त्यांच्या गोळ्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरतील अशी धास्ती होती. मग कारागिरांनी व्यास थोडा बदलून .४६५, .४७० काढली. लष्करी व्यास नागरिकांना नको, हा विचार इथे पुढेही टिकला. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची परवान्यावर मिळणारी रायफल .३१५ ची असते, .३०३ ची नाही, ते त्यामुळेच.

आता तो तिसरा प्रश्न. मोठ्या हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा पट्टा २० ते २५ सेंटिमीटरचा असतो. नेमबाजीतलं माप मिनिट ऑफ अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर ते २९ मिलिमीटर. दोन मिनिटांची, म्हणजे बालेवाडीत कुणी ढुंकून पाहणार नाही अशी रायफल २०० मीटरवर ११६ मिलिमीटरचा ग्रुप देते. पट्ट्याच्या निम्मा. उरलेली चूक माणसाची. ग्रुप अर्ध्या मिनिटाने कमी करायला लागणारा पैसा सरावाच्या काडतुसांवर घालवलेला बरा.

मात्र तो ग्रुप खरा हवा. तीन गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही सुंदर पडतो. १०० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप घ्या. वाळूची पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली ठेवा, नळीखाली नको. दोन गोळ्यांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. सर्वांत लांबच्या दोन भोकांचं बाहेरून बाहेर अंतर मोजून त्यातून गोळीचा व्यास वजा करा. थंड, कोरड्या नळीतून निघालेली पहिली गोळी वेगळी नोंदवा. शिकारीत बहुधा तेवढीच मिळते. नळीत तेल राहिलं असेल तर ती भलतीकडे जाते, म्हणून निघण्याआधी कोरडी चिंधी फिरवावी.

ग्रुप पसरला तर नळीवर खापर फोडण्याआधी स्क्रू तपासा. स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) रिंगांचे स्क्रू तेल पुसून १.७ ते २ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. मग कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवून पाहा. ती अडते तिथे लाकूड नळीला टेकलं आहे. तापल्यावर नळी तिथे ढकलली जाते आणि गोळ्या एका बाजूला चालत जातात. पुण्यात मे महिन्यात झीरो केलेली, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेली, अक्रोडाच्या दस्त्याची रायफल ऑगस्टमध्ये बदलते, कारण पावसाळी हवेत लाकूड फुगतं. दस्त्याला बाहेरून पॉलिश असतं, पण आतली खाच आणि बटाखालचा कापलेला भाग उघडाच राहतो. तिथे वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेत, किंवा सरळ फायबरचा दस्ता घ्यावा.

झीरो १०० मीटरला असेल तर .३०-०६ ची गोळी २०० वर १२-१३ सेंटिमीटर पडते आणि ३०० वर जवळजवळ अर्धा मीटर. वजन किंवा बनावट बदलली की झीरो पुन्हा करायचा, अपवाद नाही.

आणि धक्का. ३.६ किलोची .३०-०६ खांद्याला सुमारे २७ ज्यूल देते, ४.२ किलोची .३७५ सुमारे ५०. स्कोप डोळ्यापासून ९-१० सेंटिमीटरवर नसेल तर भुवई फुटते. त्याहून वाईट म्हणजे धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना होणारी दचक, जी ज्याची त्याला कळत नाही. सोबत्याला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं सरावाचं मिसळायला सांगा, कुठलं ते न सांगता. नुसता 'टक' आवाज येऊन नळी खाली झुकली तर ते काडतूस तुम्हाला जड आहे. .३७५ सोडून .३०-०६ घ्या आणि रानरेड्याचा बेत पुढे ढकला.

विमानात एका प्रवाशाला काडतुसं पाच किलोपर्यंतच नेता येतात, तीही एअरलाइनच्या पूर्वपरवानगीने. म्हणून बरेच जण तिथेच रायफल भाड्याने घेतात. सामान हरवण्याचा धोका धरला तर .३०-०६, .३०८, .३७५ यांसारखं कुठल्याही दुकानात मिळणारं काडतूस निवडणंच शहाणपणाचं. रायफल स्वतःची असो की भाड्याची, पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी तीन गोळ्या कागदावर झाडायच्याच. प्रवासात स्कोपला बसलेला दणका बाहेरून दिसत नाही.