एकाच भूमिकेतील अभिनयांची तुलना

एकच पात्र निरनिराळ्या नटांनी रंगमंचावर वा पडद्यावर कसे उभे केले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची नाट्यसमीक्षेतील रीत. शब्द तेच असल्याने नटाने स्वतःचे काय घातले, ते अशा वेळी उठून दिसते.

या रीतीचे लखलखीत उदाहरण जून १८९५ मधले. फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट आणि इटालियन नटी एलेओनोरा दुझे या दोघींनी लंडनमध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने झुडरमान या जर्मन नाटककाराची माग्दा ही नायिका रंगवली. नाटककार आणि नाट्यसमीक्षक बर्नार्ड शॉने दोघींचे प्रयोग पाहिले. बर्नहार्ट भूमिकेत शिरत नाही, भूमिकेच्या जागी स्वतःला आणून बसवते, असे त्याचे मत पडले. दुझेच्या बाबतीत तो एका क्षणापाशी थांबला : जुना प्रियकर समोर आल्यावर तिचा चेहरा हळूहळू खरोखरच लाल होत गेला आणि ती तो लपवू लागली. सरस-नीरस ठरवताना असा नेमका क्षण दाखवता आला, तरच तुलनेला वजन येते.

नाटक आणि चित्रपट यांच्यात मात्र जपून बोलावे लागते. रंगमंचावर नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे असते. पडद्यावर कॅमेराच त्याच्याजवळ जातो, आणि कोणता तुकडा ठेवायचा हे संकलनात ठरते. इंग्रज नट-दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८ च्या 'हॅम्लेट' चित्रपटात प्रसिद्ध स्वगताचा काही भाग मिटल्या ओठांवर, केवळ आवाजातून ऐकू येतो. रंगमंचावरच्या हॅम्लेटच्या शब्दफेकीशी तो ताडणे अन्यायाचेच.

टेनेसी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मध्ये हा गुंता थोडा सुटतो. १९४७ चे ब्रॉडवेवरील नाटक आणि १९५१ चा चित्रपट, दोन्हींचा दिग्दर्शक इलिया कझान. मार्लन ब्रँडोही दोन्हीकडे. नाटकातली ब्लांश ही नायिका जेसिका टँडीची होती. चित्रपटात ती व्हिव्हियन लीकडे गेली, आणि लीने ती आधी लंडनच्या रंगमंचावर ऑलिव्हिएच्या दिग्दर्शनाखाली केली होती.

मराठीत 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर आठवतात. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू, पुढे सतीश दुभाषी, यशवंत दत्त, आणि २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकर. इथे पुरावाच असमान आहे. पाटेकरांचे स्वगत हवे तितक्या वेळा मागे नेऊन पाहता येते. सत्तरच्या दशकातले प्रयोग मुख्यतः ते पाहिलेल्यांच्या आठवणीत उरले आहेत.