प्रोजेस्टेरॉनचा रिपोर्ट: आकड्याआधी दिवस पाहा

रिपोर्टवर प्रोजेस्टेरॉन ०.८ दिसलं की पोटात गोळा येतो. रक्त पाळीच्या पाचव्या दिवशी दिलं असेल, तर काळजीचं कारण नाही. पाळीच्या पहिल्या टप्प्यात हे संप्रेरक जवळजवळ नसतंच. मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्या आतला आकडाच त्या दिवसांत अपेक्षित असतो.

ते वाढतं स्त्रीबीज बाहेर पडल्यावर. स्त्रीबीज जिच्यात वाढतं त्या पिशवीचा, म्हणजे अंडाशयात मागे राहिलेल्या रिकाम्या पुटिकेचा, पिवळसर गोळा होतो, तो पीतपिंड. तो दिवसाला सुमारे २५ मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन तयार करतो. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं असतं. प्रोजेस्टेरॉन ही वाढ रोखतं आणि अस्तरातल्या ग्रंथींना गर्भासाठी पोषक स्राव करायला लावतं. गर्भाशयमुखाचा पातळ स्राव घट्ट होतो, अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं चढतं. गर्भ रुजला नाही, तर पीतपिंड साधारण १४ दिवसांत विरतो. प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तराच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पाळी येते.

‘२१व्या दिवसाची तपासणी’ फसते ती इथेच. हा दिवस २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल, तर लांबतो तो बहुधा स्त्रीबीज पक्व होण्याआधीचा काळ. नंतरचे दोन आठवडे फारसे बदलत नाहीत. म्हणून रक्त द्यायचं ते पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या ७ दिवस आधी, म्हणजे इथे २८व्या दिवशी. २१व्याच दिवशी दिलं तर आकडा कमी येणार आणि ‘स्त्रीबीज तयार होत नाही’ असा शिक्का विनाकारण बसणार. पाळी अनियमित असेल तर पाळी येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी करावी लागते. मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला, की स्त्रीबीज बाहेर पडलं असं धरतात. त्यापुढे ८ चांगलं की १६, हा काथ्याकूट व्यर्थ आहे. पीतपिंड हे संप्रेरक थांबून थांबून सोडतो, त्यामुळे तासा-दीड तासात आकडा कित्येक पटींनी वरखाली होतो.

गर्भ रुजला तर त्याच्याकडून येणारं एचसीजी हे संप्रेरक पीतपिंडाला जिवंत ठेवतं. ७ ते ९ आठवड्यांच्या सुमारास वार हे काम हाती घेते आणि शेवटच्या महिन्यांत रोजचं उत्पादन २५० मिलिग्रॅमच्या घरात जातं. गर्भाशयाचा स्नायू शांत राहावा म्हणून एवढा खटाटोप. पण त्याबरोबर आतडीही सुस्तावतात आणि जठराच्या तोंडाची झडप ढिली पडते. गरोदरपणातली बद्धकोष्ठता आणि छातीतली जळजळ बरीचशी यातूनच येते. स्तनांची वाढ होत असतानाही दूध भरपूर उतरत नाही, तेही प्रोजेस्टेरॉनमुळेच. वार पडली की ते कोसळतं आणि दोन-तीन दिवसांत दूध येतं. दूध फारच लांबलं, तर वारेचा तुकडा आत राहिलाय का, हे पाहावं लागतं.

औषध म्हणून घेताना मार्ग महत्त्वाचा. गिळलेल्या गोळीतलं बरंचसं प्रोजेस्टेरॉन यकृतातच मोडतं. त्यातून तयार होणारं अ‍ॅलोप्रेग्ननोलोन मेंदूवर काम करून झोप आणतं, म्हणून ही कॅप्सूल रात्री घ्यायची. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. योनीमार्गे घेतलेलं औषध गर्भाशयात थेट पोचतं, त्यामुळे रक्तातला आकडा कमी दिसला तरी अस्तराला पुरेसं मिळालेलं असू शकतं. डायड्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम औषध तर या तपासणीत मोजलंच जात नाही.

गर्भपात टाळायला सरसकट प्रोजेस्टेरॉन देणं मात्र पटण्यासारखं नाही. ब्रिटनमधल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव झालेल्या या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं होतं, बाकीच्यांना औषध नसलेली तशीच गोळी. एकूण पाहता दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. ज्यांचा आधी गर्भपात झाला होता त्यांच्यात फायदा दिसला आणि तीनदा किंवा जास्त वेळा झालेल्यांत तो सर्वाधिक होता. गर्भाची वाढच थांबली असेल, तर कमी प्रोजेस्टेरॉन हे बहुतेकदा कारण नसून परिणाम असतो.

रजोनिवृत्तीनंतर गरम वाफांसाठी इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रीला, गर्भाशय शाबूत असेल तर, सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा तशाच कामाचं औषध लागतंच. नाहीतर अस्तर बेसुमार वाढून कर्करोगाचा धोका चढतो. गर्भाशय काढलेलं असेल तर सहसा त्याची गरज नसते.