ॲस्पिरीनची जलविद्राव्यता

ॲस्पिरीन (ॲसिटिल सॅलिसिलिक अम्ल) पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते. २५° से. तापमानाला १ ग्रॅम ॲस्पिरिनास सु. ३०० मिलि. पाणी लागते, तेवढेच ॲस्पिरीन सु. ५ मिलि. अल्कोहॉलात विरघळते. ३०० मिग्रॅ.ची साधी गोळी पेल्यात टाकली की क्षणात फुटते, पण ते पाणी शोषून फुगणाऱ्या स्टार्चामुळे. पाणी दुधाळ होते, तळाशी पांढरा साका बसतो आणि त्यात ॲस्पिरिनाचे न विरघळलेले कण असतात. फुटणे आणि विरघळणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

विद्राव्यतेच्या आकड्यांत एकवाक्यता नाही. २५° से.ला लिटरमागे सु. ३ ते ५ ग्रॅम अशी मूल्ये आढळतात. ३७° से.ला १०० मिलि.मध्ये १ ग्रॅम हा आकडा संदर्भग्रंथांतून वारंवार उद्धृत होतो. मात्र अवघ्या १२ अंशांत तिपटीची वाढ जास्तच वाटते, म्हणून तो जपून वापरणे बरे. मापनातली अडचण मूलभूत आहे. संपृक्त विद्राव (ज्यात आणखी पदार्थ विरघळू शकत नाही असा) तयार होण्यास वेळ लागतो आणि तेवढ्यात ॲस्पिरिनाचे जलीय विच्छेदन (पाण्याशी विक्रिया होऊन रेणू तुटणे) होऊन सॅलिसिलिक व ॲसिटिक अम्ले बनू लागतात. जुन्या बाटलीचे झाकण उघडताच येणारा व्हिनेगरसारखा वास याच विक्रियेचा. उदासीन विद्रावात २५° से.ला निम्मे ॲस्पिरीन सु. दोन दिवसांत विघटित होते. त्यामुळे पाण्यातले तयार औषध साठवून ठेवता येत नाही.

विद्राव्यतेशी निगडित असा स्फटिकरचनेचा वादही जुना आहे. १९६०–७० या दशकात ॲस्पिरिनाचे काही नमुने इतरांपेक्षा लवकर विरघळतात असे दिसले व त्यावरून दोन स्फटिकरूपे असावीत असे सुचवले गेले. तो फरक कणांचा आकार व अशुद्धी यांमुळे असावा, असा आक्षेप होता. दुसरे रूप मिळाल्याचा दावा २००५ मध्ये झाला. २००७ मध्ये अँड्र्यू बाँड, रोलांट बोजे आणि गौतम देसिराजू या रसायनशास्त्रज्ञांनी एकाच स्फटिकात दोन्ही रचनांचे भाग गुंफलेले असू शकतात असे दाखवले. उपलब्ध पुराव्याशी हे स्पष्टीकरण अधिक जुळते. पुढे शुद्ध दुसरे रूपही मिळवण्यात आले. दोन्ही रूपांत रेणूंचे थर जवळजवळ सारखेच असतात. फरक पडतो तो थर एकमेकांवर कसे बसतात यात.

विद्राव्यता वाढवण्याचा मार्ग अम्लधर्मातून जातो. ॲस्पिरिनाचे पीकेए मूल्य (अम्लाची तीव्रता दाखवणारा अंक) सु. ३.५ आहे, त्या पीएचला (पीएच हे विद्रावाच्या अम्लतेचे माप; तो वाढला की अम्लता घटते) विरघळलेले निम्मे रेणू आयनीभूत (विद्युतभारित) असतात आणि पुढे पीएच एकाने वाढला की आयनीभूत व अनायनीभूत रेणूंचे गुणोत्तर दसपट होते. आयनीभूत रूप पाण्यात सहज विरघळते. फसफसणाऱ्या गोळीतला खाण्याचा सोडा हेच काम करतो: सायट्रिक अम्लाशी विक्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइडाचे बुडबुडे निघतात आणि ॲस्पिरिनाचे सोडियम लवण बनते. याउलट जठरातील तीव्र अम्लात ते बहुतांशी अनायनीभूतच राहते. शिरेतून देण्यासाठी लायसिन या ॲमिनो अम्लाबरोबरचे लवण वापरतात. तेही देण्याच्या वेळीच पाण्यात विरघळवतात.

तुलनेने पॅरासिटामॉल अधिक विद्राव्य (लिटरमागे सु. १४ ग्रॅम), तर आयबुप्रोफेन जवळजवळ अविद्राव्य आहे.