जुन्या एसयूव्हीची थरथर: लॉकअप क्लचची की इंजिनच्या मिसिंगची?

साठ-सत्तरचा वेग, गाडी टॉप गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता टेकलेला. पुढे जरासा चढ लागतो, पाय थोडा दाबला जातो आणि रम्बलरच्या पट्ट्यांवरून जावं तशी सगळी गाडी दोन-तीन सेकंद थरथरते. रस्ता मात्र गुळगुळीत असतो. पाय आणखी दाबला की गाडी खालचा गिअर घेते आणि थरथर गायब. दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जुन्या ट्रक आणि एसयूव्हींबद्दल मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच. तिचं निदान बरेचदा गाडीत न बसताच होतं: "गिअरबॉक्स गेला." पण या थरथरीमागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक, टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या, आतला लॉकअप क्लच. दुसरं, इंजिनचं मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं. पहिल्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवायची वेळ येऊ शकते, दुसऱ्याचं काम बरेचदा बॉनेट उघडून भागतं. सीटवर बसलेल्याला मात्र दोन्ही हादरे इतके सारखे लागतात की मुरलेला मेकॅनिकही फसतो.

माझ्या ओळखीच्या एकाने व्ही-८ इंजिनच्या जुन्या एसयूव्हीचा टॉर्क कन्व्हर्टर याच तक्रारीपायी बदलून घेतला होता. पहिल्याच चढावर थरथर परत आली. रात्री अंधारात बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि स्पार्क प्लगच्या वायरींवर फवारणीच्या बाटलीने पाण्याचा बारीक तुषार मारला. मागच्या बाजूच्या एका वायरीतून निळसर ठिणगी इंजिनच्या धातूकडे उडताना दिसली, टिक टिक आवाजासकट. इंजिन बंद करून ती वायर ओढून काढली. रबरी बूटाच्या आत पेन्सिलीने ओढावी तशी एक काळी रेघ होती. प्लगच्या टोकाकडे जायची वीज त्या रेघेवरून बाहेर पळत होती. वायरींचा संच आणि प्लग बदलले, थरथर थांबली. त्याच्या वाया गेलेल्या पैशाचं मला आजही वाईट वाटतं, कारण ही अर्ध्या तासाची तपासणी आधी करता आली असती.

लॉकअप म्हणजे काय

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांची थेट जोड नसते. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या जोरावर समोरचा पंखा फिरतो. सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी असूनही इंजिन बंद पडत नाही ते यामुळेच. पण मध्ये तेल आहे म्हटल्यावर दोन पंख्यांच्या वेगात थोडी तफावत राहते, आणि तेवढी ताकद उष्णता होऊन वाया जाते. हे टाळायला कन्व्हर्टरच्या पोटातच एक क्लच बसवतात. पॅकार्डच्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये तो १९४९ सालीच होता. इंधन वाचवायची निकड वाढली तेव्हा क्रायस्लरने १९७८ मध्ये तो आपल्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये आणला आणि पुढे तो जवळजवळ सगळीकडे आला.

लॉकअप लागला की पंखे एकत्र फिरतात आणि आरपीएमचा काटा दोन-तीनशेने खाली येतो. चार गिअरच्या गाडीत पाचवा गिअर पडल्यासारखं वाटतं, तो हाच. आपल्या गाडीत तो कुठल्या वेगाला लागतो हे काट्याकडे बघून एकदा ओळखून ठेवा. पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे.

दोन्ही थरथरी आतून कशा होतात

लॉकअप क्लचचं अस्तर तेलात बुडालेलं असतं. ते धातूवर टेकताना सरकत सरकत सुरळीत पकडलं जावं म्हणून गिअरबॉक्सच्या तेलात, म्हणजे एटीएफमध्ये, घर्षण सांभाळणारी खास रसायनं घातलेली असतात. तेल जुनं झालं, तापून करपलं किंवा चुकीचं भरलं, की ही रसायनं काम करेनाशी होतात. मग अस्तर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, सेकंदात कितीतरी वेळा. ओलं बोट काचेवर दाबून ओढलं की ते जसं कुरकुरत, अडखळत सरकतं, तसंच. म्हणून ही थरथर बारीक आणि एकसारखी असते, तेल चांगलं तापल्यावरच येते आणि नेमकी लॉकअप लागताना किंवा लागलेला असताना हलक्या चढावर येते.

मिसिंगची गोष्ट वेगळी. इंजिनवर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल (ठिणगीसाठी हे व्होल्टेज तयार करणारी), रुंदावलेला प्लगचा गॅप, प्लगचं चिरलेलं चिनी मातीचं आवरण, हे सगळं मोकळ्या रस्त्यावर चालून जातं आणि चढावर उघडं पडतं. चार-स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. त्यामुळे १५०० आरपीएमला एक सिलिंडर सतत चुकत असेल तर सेकंदाला साधारण १२ धक्के बसतात. तो अधूनमधूनच चुकत असेल तर धक्के विखुरलेले येतात: एक आचका, मग काही नाही, मग दोन लागोपाठ. हाताला ते लॉकअपच्या थरथरीपेक्षा जाडेभरडे लागतात. पाऊस पडल्यावर किंवा इंजिन धुतल्यावर वाढणारी थरथर बहुधा इंजिनचीच असते, कारण लॉकअपला बाहेरच्या ओलाव्याशी घेणंदेणं नसतं.

आता खरा घोळ. लॉकअप सुटलेला असताना मधलं तेल उशीसारखं काम करतं आणि इंजिनचे छोटे आचके गिळून टाकतं. लॉकअप लागला की इंजिन थेट चाकांशी जोडलं जातं आणि तेच आचके जसेच्या तसे सीटपर्यंत पोचतात. शिवाय आरपीएम खाली आलेले असतात, म्हणजे इंजिनला कमी फेऱ्यांत जास्त ओढावं लागतं. म्हणून मिसिंगसुद्धा बरोबर लॉकअपच्या क्षणीच जाणवू लागतं. क्लच निर्दोष असतो, पण आळ त्याच्यावर येतो.

ब्रेकची चाचणी, आणि ती कुठे फसवते

थरथर चालू असताना उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर स्थिर ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेकला इतकाच स्पर्श करायचा की मागचे दिवे लागतील, गाडी मंदावणार नाही. ब्रेकचा स्विच दबला की लॉकअप सुटतो आणि आरपीएम चढतात. मागे कुणी नाही अशा रस्त्यावरच हे करा.

लॉकअप सुटूनही थरथर तशीच राहिली, तर क्लचला सोडून द्या. पण थरथर थांबली म्हणजे क्लचच दोषी, असा निष्कर्ष बरेच जण काढतात, तो अर्धवट आहे. वर सांगितलं त्या कारणाने मिसिंगही याच क्षणी दबून जातं. माझ्या ओळखीच्या त्या माणसाचा कन्व्हर्टर याच चाचणीवर बदलला गेला होता.

म्हणून पुढे दोन गोष्टी करायच्या. गार गाडी सकाळी काढल्यावर पहिले काही किलोमीटर बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर लॉकअप लागूच देत नाही. त्या काळात थरथर आली तर ती इंजिनची. आणि गाडी तापल्यावर एखाद्या चढावर दुसऱ्या गिअरला अडकवून जोरात रेस द्यायची. जुन्या चार गिअरच्या बहुतेक गाड्यांत अशा वेळी लॉकअप सुटलेला असतो. तरीही गाडी आचके खात असेल तर प्लग, वायरी आणि कॉइल बघा.

स्कॅनर असेल तर काम नेमकं होतं. अमेरिकेसाठी बनलेल्या १९९६ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२, म्हणजे स्कॅनरने गाडीचा कॉम्प्युटर वाचायची ठरावीक सोय, असतेच. त्यात कन्व्हर्टरची स्लिप, म्हणजे इंजिन आणि आतला पंखा यांच्या फेऱ्यांतली तफावत, थेट दिसू शकते. लॉकअप पूर्ण लागल्यावर ती शून्याच्या आसपास किंवा एका छोट्या आकड्यावर स्थिर हवी. थरथर चालू असताना हा आकडा वीस, नव्वद, दहा, सत्तर असा नाचला, तर क्लच घसरतोय. आकडा शांत आणि एखाद्या सिलिंडरचा मिसफायरचा मोजणीकाटा पुढे सरकतोय, तर इंजिन.

कॉम्प्युटर बिघाडाचे जे कोड नोंदवतो, नुसत्या त्यांच्यावर विसंबू नका. पी०३०१, पी०३०२ असे कोड विशिष्ट सिलिंडर दाखवतात, पी०७४१ लॉकअप नीट लागत नसल्याचं सांगतो. पण कॉम्प्युटर मिसफायर ओळखतो तो क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, वेगातल्या चढउतारावरून, आणि जोरदार लॉकअप थरथरही क्रँकला तसाच हिसका देते. त्यामुळे निरोगी इंजिनच्या गाडीतसुद्धा पी०३००, म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरकडे बोट न दाखवणारा मिसफायरचा कोड, लागू शकतो. उलट हलकं मिसिंग कोड न लावता महिनोन् महिने चालतं. आधी स्लिप बघा, मग कोड वाचा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र रेस कमी करा; न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतंय.

(गिअर न्यूट्रलला टाकूनही त्याच वेगाला थरथर राहिली तर टायर, प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस तपासा. तो वेगळाच विषय आहे.)

दुरुस्ती

मिसिंगची दुरुस्ती सोपी. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघा. कोडही तिकडे गेला तर कॉइल खराब. प्लग, वायरी, बूट एकदमच बदला. फोर्डच्या ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हच्या व्ही-८ इंजिनबद्दल एक सावधगिरी: २००४ ते २००८ च्या एफ-१५० आणि त्या काळातल्या इतर गाड्यांत ही थरथर कन्व्हर्टरची समजली जाते आणि बरेचदा कॉइलची निघते, पण त्यांचे प्लग दोन तुकड्यांचे असतात आणि काढताना खालचा तुकडा हेडमध्ये अडकून तुटतो. अनुभवी हाताकडूनच ते काम करून घ्या.

लॉकअपची थरथर असेल तर पहिला उपाय तेल, कन्व्हर्टर नव्हे. गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कापडावर टेकवा. लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी आणि करपट वासाचं असेल तर तेलाचं आयुष्य संपलंय. गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन काढून ओतलं तर एकूण तेलाच्या निम्म्याहून कमीच बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. म्हणून एकदा बदलून फरक पडला नाही तर निराश होऊ नका. मधे काही दिवस गाडी चालवून दोन-तीनदा बदला, पहिल्या वेळी फिल्टरही घाला. फोर्डच्या काही जुन्या कन्व्हर्टरला खाली ड्रेन प्लग असतो, तिथे एका वेळेत काम होतं.

तेल कुठलं, यावर तडजोड नको. क्रायस्लर आणि जीपच्या ज्या गिअरबॉक्सना एटीएफ प्लस फोर लागतं त्यांत डेक्सरॉन हे दुसऱ्या प्रकारचं एटीएफ भरलं की थरथर हमखास ओढवून घेता. घर्षण सुधारणारं पूरक रसायन वेगळंही मिळतं. ते घातल्यावर थरथर थांबली, तर निदान पक्कं झालं एवढा त्याचा मोठा उपयोग. आराम टिकेलच असं नाही.

तेलाने भागलं नाही तर पॅनच्या तळाशी काय साठलंय ते बघा. लोहचुंबकाला चिकटलेली राखाडी, मऊ भुकटी जुन्या गाडीत असायचीच. अस्तराचे काळे कण किंवा धातूच्या चमकत्या किरचा दिसल्या तर झीज पुढे गेलीय. पॅन स्वच्छ आणि सगळे गिअर व्यवस्थित पडत असतील तर कन्व्हर्टर बदलून कूलरच्या नळ्या धुणं बहुतेक वेळा पुरतं. संपूर्ण गिअरबॉक्स उघडायला होकार देण्याआधी का उघडायचा हे विचारा. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई गिअरबॉक्समध्ये घसरण दाखवणारा पी१८७० कोड आला असेल तर आणखी थांबा. तिथे बरेचदा क्लच नाही, तर व्हॉल्व्ह बॉडीतलं (तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागातलं) लॉकअपच्या व्हॉल्व्हचं छिद्र झिजून दाब गळत असतो, आणि नवा कन्व्हर्टरही त्या गळक्या दाबावर घसरेल.

डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ तेल दिसलं तर गाडी तिथेच उभी करा. रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटिअरमध्ये हा दोष कुप्रसिद्ध आहे. त्याचं पहिलं लक्षणही बरेचदा हीच लॉकअपची थरथर असते, कारण अस्तर धातूला चिकटवणारा गोंद या पाण्यात सुटू लागतो. अशा वेळी आधी रेडिएटर बदलायचा, मगच तेलाला हात घालायचा.