शाळेच्या कपाटातले पुस्तक कोण काढू शकतो : अमेरिकेतील वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील शालेय पुस्तकबंदीचा वाद २०२१ पासूनचा मानण्याची पद्धत असली, तरी आजही न्यायालयांत ज्यावर खल होतो तो निकाल १९८२ चा आहे, आणि खरे पाहता तो अर्धवटच राहिला.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील एका शाळा मंडळाच्या सदस्यांना १९७५ मध्ये पालकांच्या एका पुराणमतवादी संघटनेकडून आक्षेपार्ह पुस्तकांची यादी मिळाली. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी त्यांनी शाळेत जाऊन ग्रंथालयाची सूचिपत्रे चाळली आणि यादीतली पुस्तके हुडकून काढली. मंडळानेच नेमलेल्या समितीने त्यांतली काही ठेवावीत असे सुचवले, पण ती शिफारस मंडळाने झिडकारली. काढलेल्या पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखकांचा कथासंग्रह आणि न्यूयॉर्कमधल्या स्पॅनिश हार्लेम या लॅटिनो वस्तीत वाढलेल्या एका लेखकाचे आत्मकथन होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

विद्यार्थ्यांनी दाद मागितली. १९८२ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयातील नऊपैकी चार न्यायमूर्तींच्या मते, केवळ विचार पटत नाहीत म्हणून ग्रंथालयातील पुस्तक काढणे घटनाबाह्य होते. चौघांनी मंडळाची बाजू उचलून धरली. नवव्याने घटनात्मक प्रश्नाला हात न घालता खटला पुढे चालावा एवढ्यापुरती पहिल्या चौघांना साथ दिली. बहुमताचे तत्त्व त्यामुळे ठरलेच नाही. पहिल्या चौघांनीही सर्रास अश्लील किंवा शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य पुस्तक काढण्यास मुभा ठेवली होती, आणि अभ्यासक्रमाला तर त्यांनी स्पर्शही केला नाही. पुढे मंडळाने पालकांना कळवण्याच्या अटीवर पुस्तके परत ठेवली, आणि खटला चाललाच नाही.

ती मुभाच पुढे कळीची ठरली. कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची बालपुस्तके १९८५ मध्ये सुमारे २,५०० पैकी अवघी १८ होती. २०१४ नंतर वैविध्यासाठी लेखकांनीच मोहीम चालवल्यावर वर्ण आणि लैंगिकता यांविषयीच्या किशोर कादंबऱ्या लक्षणीय वाढल्या. त्याच कादंबऱ्या २०२१ नंतरच्या बंदी घातलेल्या पुस्तकांच्या याद्यांत ठळकपणे दिसतात, मात्र आक्षेपाची भाषा बहुधा अश्लीलतेची आणि वयोयोग्यतेची असते. फ्लोरिडाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात, लैंगिक वर्णनाचा आक्षेप येताच पाच शालेय दिवसांत पुस्तक हटवण्याची आणि निर्णय होईपर्यंत ते कपाटाबाहेरच ठेवण्याची तरतूद होती.

टेक्सासमधील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने, पुस्तक काढण्याविरुद्ध वाचकाला माहिती मिळवण्याच्या हक्काचा आधार घेता येत नाही, असा निर्णय दिला. तो तपासण्यास सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये नकार दिला, त्यामुळे त्या अपील न्यायालयाच्या कक्षेतील टेक्सास, लुईझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत तोच लागू आहे.