युकॉन नदीची मोजणी

युकॉन नदीची मोजणी : उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागातील युकॉन नदीचा मार्ग नकाशावर आणण्याचे काम. नदीची लांबी सु. ३,१९० किमी., म्हणजे गोदावरीच्या दुपटीहून अधिक. ग्विचिन व इतर अथाबास्कन भाषा बोलणारे मूळ रहिवासी तिच्या काठी पिढ्यानपिढ्या राहत होते. तेव्हा ‘अज्ञात’ होती ती नकाशे काढणाऱ्यांनाच.

मोजणीला खरी निकड आली ती वादामुळे. हडसन्स बे कंपनी या ब्रिटिश फर-व्यापारी कंपनीने १८४७ मध्ये फोर्ट युकॉन हे ठाणे उभारले. ब्रिटन व रशिया यांच्यातील १८२५ च्या कराराने त्यांच्या प्रदेशांची सीमा १४१° पश्चिम रेखांशावर ठरली होती. १८६७ मध्ये रशियाकडून अलास्का अमेरिकेकडे आल्यावर ठाणे सीमेच्या कोणत्या बाजूला, हे ठरवणे भाग पडले. १८६९ मध्ये अमेरिकी लष्कराचा कॅप्टन चार्ल्स रेमंड आगबोटीने तेथे पोहोचला. ठाणे सीमेच्या पश्चिमेला जवळजवळ दोनशे किमी. आत निघाले आणि कंपनीला ते सोडावे लागले.

प्रवासात वळणे टिपण्याची रीत साधी होती: होकायंत्राने दिशा पाहायची, घड्याळाने वेळ, आणि वेग अंदाजाने. नागमोडी पात्रात प्रत्येक वळणाची चूक पुढच्या वळणात मिसळते, म्हणून मुक्कामी आकाशाचा आधार घेत. समुद्राचे क्षितिज नसल्याने उथळ थाळीत पारा ओतायचा, सूर्य आणि पाऱ्यातले त्याचे प्रतिबिंब यांच्यातला कोन सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाने मोजायचा व निम्मा करायचा. वाऱ्याने पारा थरथरला की मोजमाप वाया. अक्षांश यातून बऱ्यापैकी मिळे. रेखांशाचे दुखणे वेगळे; तो वेळेवरून काढावा लागे. या अक्षांशावर वेळेत एका मिनिटाची चूक झाली, तर स्थान सु. ११ किमी. सरकते. त्यात उन्हाळ्यात रात्री पुरेसा काळोख नसल्याने तारे दिसत नाहीत. कॅनडाचा मोजणीदार विल्यम ओगिल्वी याने १८८७-८८ च्या हिवाळ्यात नदीकाठी तळ ठोकून चंद्राच्या निरीक्षणांवरून १४१° ची रेषा ठरवली, ती लांब रात्रींच्या सोयीने. थंडी सोसावी लागली ती वेगळी.

फोर्ट युकॉनभोवतीच्या सपाट प्रदेशात, युकॉन फ्लॅट्समध्ये, नदी अनेक फाट्यांत पसरते. दरवर्षी बर्फ फुटून पूर आला की काठ खचतात, वाळूची बेटे सरकतात, तुटलेल्या वळणांची नालाकृती सरोवरे मागे राहतात. पुढे हवाई छायाचित्रे व उपग्रहचित्रे यांमुळे काम सोपे झाले, तरी या पट्ट्याचा नकाशा जुना होण्याचे थांबलेले नाही.