एडवर्ड वेस्टन यांची ढोबळी मिरची

भाजी, शंख, झाडाचं मूळ अशा साध्या वस्तूंचे देखणे फोटो आज कुणीही काढतं. हे विषय कलेच्या दालनात आणणाऱ्यांमध्ये अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन (१८८६-१९५८) यांचं नाव फार वरचं आहे. पण सुरुवातीला त्यांचं काम अगदी वेगळं होतं. १९११ साली कॅलिफोर्नियात स्टुडिओ थाटून ते धूसर, चित्रासारखी भासणारी व्यक्तिचित्रं काढत. तेव्हा चलती अशाच फोटोंची होती आणि त्यांना बक्षिसंही मिळत होती.

१९२२ मध्ये ओहायोतल्या पोलाद कारखान्याची धुराडी त्यांनी टिपली, पुढच्या वर्षी ते छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांच्यासोबत मेक्सिकोला गेले. तिथे १९२५ मध्ये त्यांनी चक्क घरातल्या संडासाच्या भांड्याचा फोटो काढला. खरं वळण मला इथेच दिसतं. शंख मुळातच सुंदर असतो. या भांड्याकडे मात्र केवळ आकार म्हणून बघायला हिंमत लागते. शंख आले १९२७ मध्ये, चित्रकार हेन्रिएटा शोर यांची शंखांची चित्रं पाहिल्यावर.

ऑगस्ट १९३० मधला प्रसिद्ध फोटो 'पेपर (म्हणजे मिरची) नंबर ३०' म्हणजे एक वेडीवाकडी ढोबळी मिरची. आधी मलमल, पुठ्ठा अशा पार्श्वभूमी वापरूनही मनाजोगतं जमत नव्हतं. मग त्यांनी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. पत्र्यावरून परतलेला उजेड तिच्या कडांवर पडला आणि घड्या-वळणं पाठमोऱ्या माणसाच्या स्नायूंसारखी उठून आली. कॅमेऱ्याच्या भिंगाचं छिद्र अगदी बारीक ठेवल्यामुळे पुढपासून मागपर्यंत सगळं रेखीव आलं. त्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू देण्याचा वेळ, मात्र लांबलचक द्यावं लागलं. आठ बाय दहा इंची निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून छापायची, त्यामुळे प्रिंटही तेवढ्याच आकाराची. छापताना मोठं करणं नाही, धूसर करणं नाही. काम झालेल्या मिरच्या ते खाऊनही टाकत!

१९३२ मध्ये अँसल अ‍ॅडम्स, इमोजेन कनिंगहॅम आणि इतरांसोबत त्यांनी 'ग्रुप एफ/६४' हा छायाचित्रकारांचा गट स्थापन केला. नावच भिंगाच्या बारीक छिद्राच्या मापावरून घेतलेलं. गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळालेले ते पहिले छायाचित्रकार (१९३७). पुढे पार्किन्सनच्या आजाराने हात थरथरू लागले. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावर त्यांनी शेवटचा फोटो काढला. त्यानंतर ब्रेट आणि कोल ही त्यांची मुलं त्यांच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढत राहिली. त्यामुळे या मिरचीची प्रिंट कुठे पाहायला मिळाली, तर ती कुणी छापली आहे हेही जरूर बघावं.